तुझ्या आईच्या कार्डावरचा स्वल्पविराम

वसई,
रविवार, संध्याकाळ

प्रिय मैत्रिणी,
सप्रेम नमस्कार.

तुझी आई, आमच्या मावशी, गेल्याला महिना होईल तेव्हाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, वाटायच्या स्मरणकार्डाचा तू लिहिलेला मजकूर मिळाला. ‘प्रेमळ, कष्टाळू, देवभक्त, आदर्श गृहिणी.’ चारही शब्द खरे आहेत. पण आपल्या आळीत गेल्या दहा वर्षांत जेवढ्या म्हाताऱ्या गेल्या, त्या सगळ्यांच्या कार्डांवर हेच चार शब्द आहेत. नाव झाकलं तर कार्ड कुणाचं ते कळणार नाही. मावशी चौऱ्याण्णव वर्षं जगल्या. त्यातल्या एका दिवसाचीसुद्धा खूण या मजकुरात नाही, याचं मला वाईट वाटलं. आणि ‘देवभक्त’ आणि ‘गृहिणी’ यांच्यामध्ये तू जो स्वल्पविराम घातलायस, तो तर मला अजिबात पटला नाही. त्यांच्या घरात ही दोन कामं वेगळी नव्हतीच. चूल चर्चच्या पंचांगावर चालायची, आणि प्रार्थना चुलीच्या वेळेवर.

तू विचारलंस काय बदलू. म्हणून मला ठाऊक आहे ते सगळं लिहिते. त्यातलं हवं ते घे.

सुरुवात उपासापासून करते, कारण आपल्या मुलांना हे आता सांगूनही खरं वाटत नाही. मावशींचं पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं, 1939 सालचं. तेव्हा नियम असा की कम्युनियन घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून तोंडात काही जायचं नाही. अन्न नाही, चहा नाही, पाण्याचा घोटही नाही. लग्न होऊन आल्या तेव्हाही तोच नियम. म्हणजे रविवारी पहाटेची मिस्सा गाठायची तर गरोदर बाईनेसुद्धा कोरड्या तोंडाने चालत चर्चला जायचं, आणि परत येऊन अकरा माणसांची न्याहारी करायची. यातून त्यांनी जी पद्धत बसवली ती शेवटपर्यंत मोडली नाही. तांदळाचं पीठ शनिवारीच दळून चाळून ठेवायचं. चुलीत लाकडं रचून ठेवायची, फक्त काडी लावायची बाकी. आधणाचं पातेलं भरून झाकून ठेवायचं. परत आल्यावर पाणी उकळेपर्यंत लुगडं बदलून व्हायचं. उकड काढताना एक वाटी पिठाला एक वाटी पाणी, तांदूळ जुना असेल तर वर दोन चमचे. नव्या तांदळाला मात्र पाणी कमीच, नाहीतर उकड चिकट होते आणि रोटी तव्याला धरते. उकड गरम असतानाच मळायची, थंड झाली की रोटीच्या कडा फाटतात.

1953 साली रोमने नुसतं पाणी प्यायला परवानगी दिली. 1957 साली मध्यरात्रीची अट जाऊन तीन तासांची आली, आणि 1964च्या नोव्हेंबरात ती एका तासावर आली. त्याच डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले होते, ओव्हल मैदानावर, युकॅरिस्टिक काँग्रेससाठी, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी. गावातून खूप माणसं गेली. मावशी गेल्या नाहीत, घरात तान्हं मूल होतं. पण एक तासाच्या सवलतीचं त्यांनी काय केलं ते तुला माहीत आहे का? स्वतःसाठी तीन तास ठेवले, आणि सुना आल्यावर त्यांना मात्र बजावलं की पोटुशी बाईने चहा-बिस्किट घेऊन मगच निघायचं. पुढे रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा फादरांनी समजावलं की आजारी आणि वयस्क माणसांना तो एक तासही बंधनकारक नाही, मगच त्या मिस्सेआधी गोळी घ्यायला लागल्या. कडकपणा स्वतःपुरता आणि सूट दुसऱ्याला, हे कार्डावर एका ओळीत बसेल.

घरात घड्याळ होतं, पण स्वयंपाक चर्चच्या घंटेवर चालायचा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सात. बाराच्या घंटेला हातातलं काम खाली ठेवून देवदूताची प्रार्थना, आणि ती संपली की पानं. सातच्या घंटेनंतर घरातल्या अल्तारापुढे, म्हणजे देव्हाऱ्यापुढे, रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना. आता बघ, दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांच्या माळेत त्रेपन्न नमो मरिया आणि सहा वेळा प्रभूची प्रार्थना. घाई न करता म्हटलं तर एका दशकाला तीन-साडेतीन मिनिटं लागतात, शेवटची लितानी, म्हणजे मरियेची नावं घेत केलेली आळवणी, धरून सगळं पंचवीस मिनिटांत होतं. मावशी भाताची पेज मंद आचेवर ठेवून माळ हातात घ्यायच्या. तिसऱ्या दशकाला उठून एकदा ढवळायच्या, तोंडात ‘नमो मरिया’ चालूच. लितानी संपली की पेज उतरवायच्या. पाहुणे आल्यामुळे प्रार्थना भराभर म्हटली गेली तर त्या हसून म्हणायच्या, आज पेज कच्ची राहणार.

जुन्या मिस्सेची लॅटिन उत्तरं त्यांना शेवटपर्यंत पाठ होती. लितानीत कधी वीज गेली, पुस्तक दिसेनासं झालं, की आपोआप ‘ओरा प्रो नोबिस’ सुरू व्हायचं. अर्थ ठाऊक होता, ‘आमच्यासाठी विनंती कर’. साठच्या दशकात मिस्सा मराठीत आली तेव्हा काही वडीलधारी माणसं हळहळली. मावशी हळहळल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं होतं की फादर अल्तारावर काय म्हणतात ते आता पहिल्यांदा पुरतं कळतंय. डोक्यावरचा पदर मात्र त्यांनी कधी खाली घेतला नाही, बायकांवरची ती सक्ती गेल्यावरही नाही.

2002च्या ऑक्टोबरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोझरीत प्रकाशाची पाच रहस्यं, म्हणजे माळ म्हणताना मनन करायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग, घातली, तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. तोवर सोमवार-गुरुवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची आणि बुधवार, शनिवार, रविवार गौरवाची असा क्रम हाडीमांसी भिनलेला. आता गुरुवार प्रकाशाच्या रहस्यांना गेला आणि आनंदाची शनिवारी सरकली. त्यांनी तुझ्या मुलाकडून पाचही कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून घेतली: यार्देन नदीतला बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, राज्याची घोषणा, रूपांतर, पवित्र मिस्सेची स्थापना. पंधरा दिवसांत पाठ.

त्यातलं कानाचं लग्न त्यांचं सगळ्यात लाडकं. कारण त्या गोष्टीत द्राक्षारस संपलाय हे पहिल्यांदा लक्षात येतं ते येशूच्या आईच्या, मरियेच्या. मावशी म्हणायच्या, लग्नघरात काय संपत आलंय हे बाईलाच आधी कळतं. योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय की येशूने ज्या पाण्याचा द्राक्षारस केला त्याचे तिथे सहा दगडी रांजण होते, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावेल एवढे. आजच्या मापात एकेक रांजण ऐंशी ते एकशेवीस लिटरचा, म्हणजे सहा मिळून पाचशे ते सातशे लिटर. मावशी ते हंड्यांत मोजायच्या आणि म्हणायच्या, विहिरीवरून एवढं पाणी ओढून काठोकाठ भरणाऱ्या नोकरांची नावं कुणी लिहिली नाहीत. प्रवचनातसुद्धा मी हे ऐकलेलं नाही.

आता मसाला. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तू फोनवर म्हणालीस की माप कुणाकडेच नाही. माप माझ्याकडे आहे.

मे महिना मरियेचा. आळीच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोझरी, त्यानंतर उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या. दिवसा मात्र मसाला, कारण ऊन तेव्हाच आणि पाऊस दारात. एका किलो मिरचीला त्यांचं माप असं: अर्धा किलो काश्मिरी रंगाला, पाव किलो बेडगी, पाव किलो संकेश्वरी तिखटपणाला. धणे पाव किलो. गहू आणि चण्याची डाळ शंभर-शंभर ग्रॅम. तीळ, खसखस, मोहरी प्रत्येकी शंभर. हळकुंडं शंभर. जिरं आणि मिरी पन्नास-पन्नास. दालचिनी आणि लवंग पंचवीस-पंचवीस. दगडफूल, नागकेशर, बाद्यान, मायपत्री, शहाजिरं, मोठी वेलची हे सगळं दहा-दहा ग्रॅम, आणि दोन जायफळं. गहू आणि डाळ का, असं शहरातली माणसं विचारतात. कालवणाला दाटपणा त्यांच्यामुळे येतो, वेगळं वाटण लागत नाही.

मिरचीची देठं काढून तीन दिवस कडक उन्हात. हातात चुरगळली की काचेसारखी मोडली पाहिजे. भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा, हे त्यांचं पहिलं सांगणं. खसखस काही क्षणांत होते, हळकुंडाला वेळ लागतो. एकत्र टाकलं की एक कच्चं आणि एक जळकं. धणे जरा जास्त झाले की अख्खा मसाला कडवट होतो आणि त्याला उपाय नाही. मिरची लोखंडी कढईत मंद आचेवर, रंग काळसर व्हायच्या आधी उतरायची. पूर्वी उखळात दोघी-तिघी बायका मुसळांनी कांडायच्या, पुढे गिरणी आली. गिरणीतून मसाला गरम येतो, आणि घाई करणाऱ्याचं इथेच चुकतं. गरम मसाला बाटलीत भरला की वाफ आत कोंडते, गोळे होतात आणि ऑगस्टपर्यंत बुरशी धरते. मावशी तो सुती धोतरावर पसरून रात्रभर थंड करायच्या.

बाटल्या बिअरच्या, तपकिरी काचेच्या. पांढऱ्या काचेत उजेडाने रंग उडतो. आठवडाभर आधी धुऊन दोन दिवस उन्हात उलट्या. कागदाचं नसराळं लावून थोडं थोडं भरायचं, काठीने दाबायचं, घडी घातलेल्या गोणपाटावर बाटली आपटायची, परत भरायचं. आत हवा राहता कामा नये. एका किलो मिरचीच्या साधारण पाच बाटल्या व्हायच्या. त्यांतली एक दरवर्षी, भरायच्या आधीच, अशा एका घरासाठी बाजूला निघायची जिथे त्या वर्षी माणूस गेलं असेल. मयताच्या घरात त्या उन्हाळ्यात मसाला होत नाही, एवढंच कारण त्या सांगायच्या. ही बाटली आळीत कुणाकडून कुणाकडे गेली याची वाच्यता कधी झाली नाही. माझं म्हणणं, कार्डावर हे घाल. नावं न घालता घाल.

उपवासकाळाबद्दल, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांबद्दल, थोडकंच लिहिते. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेली आशीर्वादित झावळी अल्ताराच्या क्रुसामागे खोचलेली असायची. राखेच्या बुधवारच्या आधी ती चर्चमध्ये परत द्यायची, कारण कपाळावर लावायची राख त्यातूनच होते. 2020 साली झावळ्यांच्या रविवारी, 5 एप्रिलला, चर्च बंद होती, झावळ्या वाटल्याच गेल्या नाहीत. राखेसाठी देऊन उरलेली एक जुनी झावळी मावशींनी जागेवरच राहू दिली. देण्यासारखी नवी आली नाही तर हीच कामाला येईल, असं म्हणाल्या. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांचा उपास अठरा पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत बंधनकारक आहे, साठावं वर्ष लागलं की माणूस मोकळं होतं. त्या 1990 साली मोकळ्या झाल्या आणि त्यानंतर तीस वर्षं तो पाळला. गुड फ्रायडेला घरात कांडणं, वाटणं, ठोकणं बंद. म्हणून गुरुवारीच ओलं वाटण करून ठेवायचं आणि शुक्रवारी फक्त पेज, लोणचं आणि उकडलेली रताळी.

नाताळात कुलकुलं. एक किलो मैद्याला दोन अंडी, दोनशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम तूप कडकडीत गरम करून आणि एका मोठ्या नारळाचं दाट दूध लागेल तसं. साखर दुधात पुरती विरघळवून घ्यायची. दाणे राहिले तर तळताना तिथे काळे ठिपके पडतात. मळून ओल्या फडक्याखाली तासभर. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, आणि शेवटची कड अंगठ्याने नीट दाबायची. कड सुटण्याची कारणं दोनच, पीठ वाळलेलं किंवा गुंडाळी सैल. मोहन जास्त झालं तर कुलकुलं तेलात विरघळल्यासारखी फुटतात. तेल फार तापलं तर बाहेरून तांबूस आणि आतून कच्ची राहतात, चार दिवसांत मऊ पडतात. पुरती गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाहीत.

24 तारखेला दुपारपर्यंत शेजारच्या हिंदू घरांची ताटं तयार असायची, कारण मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर कुणाला त्राण नसतं. कुलकुलं, करंज्या, केक. ताटावर स्वच्छ विणलेला रुमाल. दिवाळीत त्या घरातून जे ताट आलेलं असायचं तेच ताट भरून परत जायचं, रिकामं कधी नाही. कुणाच्या ताटाची कड कशी आहे हे त्यांना पाठ होतं. शाकाहारी दोन घरांसाठी बिनअंड्याची कुलकुलं आधी, स्वच्छ तेलात तळली जायची आणि वेगळ्या डब्यात राहायची. त्या घरांना हे कधी सांगितलेलं नव्हतं. मयताच्या दिवशी त्यातल्या एका काकूंनी डोळे पुसत मला विचारलं, म्हणून मी सांगितलं.

वाडीतलं काम तुला ठाऊकच आहे. पानवेल, केळी, मोगरा, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्यासारख्या विहिरीचं, पाणी, आणि फुलांची टोपली पहाटेच्या गाडीने दादरला. कार्डावर ‘गृहिणी’ लिहितेस ते ठीक आहे, पण घरखर्चातला अर्धा पैसा त्या टोपलीतून यायचा, हे तुझ्या भावांनाही आठवत असेल. मोगऱ्याची पहिली ओंजळ अल्ताराला, मग टोपली. भाव चढलेला असला तरी तसंच. आणि सप्टेंबरात बांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे माउंट मेरीच्या चर्चला, एक फेरी, मेणबत्ती घेऊन.

शेवटची चार वर्षं त्या चर्चला जाऊ शकल्या नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरी कम्युनियन घेऊन यायचे. त्यासाठी एक पत्र्याचा डबा होता, त्यांच्या कॉटखाली. त्यात इस्त्री केलेलं पांढरं कापड, छोटा उभा क्रूस, दोन मेणबत्त्या, काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, आणि पवित्र पाण्याची बाटली. फादर यायच्या अर्धा तास आधी सून स्टूलावर कापड घालायची, मधे क्रूस, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, शेजारी पिण्याच्या पाण्याचा पेला. दमट हवेत मेणबत्तीची नवी वात चटकन पेटत नाही, म्हणून त्या आदल्या दिवशी एकदा पेटवून विझवून ठेवायला लावायच्या. पंखा बंद आहे ना, हे स्वतः बघायच्या.

एक दुरुस्ती मात्र नक्की कर. तू ‘शेवटचा संस्कार’ लिहिलंयस. तो शब्द जुना. 1972पासून त्याला आजाऱ्यांचा तैलाभ्यंग म्हणतात, आणि तो मरणाऱ्यालाच द्यायचा असतो असं नाही. मावशींनी तो तीनदा घेतला. 2016 साली खुब्याचं हाड मोडलं तेव्हा, नंतर न्यूमोनियात, आणि आता. पहिल्यांदा घरातली माणसं रडायला लागली तेव्हा त्यांनीच समजावलं होतं की हे तेल बरं होण्यासाठीसुद्धा असतं. आणि पुढे नऊ वर्षं जगल्या. म्हणून ‘तैलाभ्यंग घेऊन प्रभूच्या घरी गेल्या’ असं लिही.

माळ त्यांच्या हाताला गुंडाळूनच पेटीत ठेवली, ती काळ्या लाकडी मण्यांची. दुसरी, प्लास्टिकची, रोजच्या वापरातली, अल्ताराच्या खणात आहे. तिचा चौथ्या दशकातला एक मणी तुटलाय आणि तिथे त्यांनी दोऱ्याची गाठ मारलीय. वहिनी ती तुझ्यासाठी ठेवायची म्हणत होत्या. पत्र्याचा डबाही तूच ठेवावास असं मला वाटतं, पण तुमच्या घरातलं तुम्ही ठरवा. पलीकडच्या आळीत एक आजी अंथरुणावर आहेत, त्यांना पहिल्या शुक्रवारी तो लागतो. सध्या मी तो तिकडे दिलाय.

यंदाच्या मेमध्ये त्या खुर्चीत बसून फक्त वास घेत होत्या, आणि धणे उतरवा म्हणून सांगत होत्या. त्या मसाल्याच्या दोन बाटल्या शिल्लक आहेत. तू मिस्सेला येशील तेव्हा एक घेऊन जा. सामानात टाकताना बूच मेणाने बंद करून देते. उघडल्यावर थोडा थोडा लहान डब्यात काढून वापर, आणि बाटलीत ओला चमचा घालू नकोस.

कार्डाचा मजकूर बुधवारपर्यंत पाठव, छापखान्याला तीन दिवस लागतात.

तुझीच,
शेजारीण